एकच रायफल, अडीच हजार युरो: पैसे कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीतली शिकार परीक्षा पास झालात, याग्डशाइन (शिकारीचा परवाना) हातात आलं, राहता श्टुटगार्टजवळ. मचाणावरून रो हरीण आणि रानडुक्कर, हिवाळ्यात दोन-चार हाके, आणि पुढेमागे सहकाऱ्यांबरोबर स्वीडनमध्ये मूस, हे सगळं एकाच बोल्ट रायफलीत (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायची रायफल) बसवायचंय. स्कोप म्हणजे नेमाच्या दुर्बिणीसकट खर्च अडीच हजार युरोंच्या आत. टिक्का, मौझर की बर्गारा, असं विचारलंत.

या तिन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी चुकणार नाही. आजच्या कारखान्यातून निघणारी साधी बोल्ट रायफल सुद्धा बहुतेक शिकाऱ्यांच्या हातापेक्षा अचूक असते. त्यामुळे कंपनीपेक्षा या अडीच हजारांची वाटणी महत्त्वाची. नवे शिकारी रायफलीवर दीड-पावणेदोन हजार घालवतात, स्कोपला पाच-सहाशे उरतात, माउंट (स्कोप रायफलीला बसवणारा भाग) मिळेल तो लावला जातो आणि सरावाच्या काडतुसांना काहीच राहत नाही. मग नोव्हेंबरच्या संध्याकाळी मक्याच्या कडेला उभं असलेलं जनावर वर्षाचं डुक्कर आहे की पिल्लं मागे असलेली मादी, हे काचेतून कळतच नाही. पिल्लं अवलंबून असलेली मादी मारणं हा जर्मनीत गुन्हा आहे, त्यामुळे हा नुसता सोयीचा मुद्दा नाही. माझी वाटणी साधारण अशी असते: रायफलीला एक हजार, स्कोप आणि माउंट मिळून एक हजार, उरलेले पाचशे सायलेन्सर आणि काडतुसांना. तिजोरी आणि हातातली दुर्बीण मी यात धरलेली नाही.

आता कायदा, कारण कॅलिबरचा, म्हणजे कुठलं काडतूस याचा, अर्धा निर्णय तोच करून टाकतो. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याचं कलम १९ सांगतं की रो हरणासाठी १०० मीटरवर गोळीत किमान १,००० ज्यूल ऊर्जा हवी. लाल हरीण, फॅलो हरीण, रानडुक्कर अशा बाकीच्या खुरांच्या जनावरांसाठी गोळी किमान ६.५ मिलिमीटरची आणि १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल. म्हणजे ६.५ हून बारीक गोळीची .२४३ विंचेस्टर एकाच रायफलीवर भागवणाऱ्या माणसासाठी तिथेच बाद होते. तुमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये या जनावरांवर शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तांब्याची किंवा तशाच बिनशिशाच्या धातूची गोळी गृहीत धरा. दुसऱ्या राज्यात पाहुणे म्हणून गेलात तर नियम वेगळा असू शकतो, पण बिनशिशाची गोळी कुठेच अडत नाही.

स्वीडनमध्ये मूससाठी पहिल्या वर्गाचं काडतूस लागतं आणि त्याला दोन वाटा आहेत. गोळी ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २,७०० ज्यूल हवेत. १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २,००० ज्यूल पुरतात. ही दहा ग्रॅमची रेघ लक्षात ठेवा.

माझं उत्तर .३०८ विंचेस्टर. त्यात काही नवलाई नाही, पण तुमच्या परिस्थितीत ती प्रत्येक कसोटीला उतरते. १०.७ ग्रॅमची तांब्याची गोळी ५१ सेंटीमीटरच्या नळीतून १०० मीटरवर साधारण २,६०० ते २,८०० ज्यूल घेऊन पोहोचते. जर्मनीचा उंबरठा आरामात पार होतो आणि दहा ग्रॅमच्या वर असल्याने स्वीडनचाही. हीच .३०८ तुम्ही ९.७ ग्रॅमच्या गोळीने मारलीत तर स्वीडनमध्ये २,७०० ज्यूलची अट लागू होते आणि आखूड नळीतून तुम्ही काठावर येता. म्हणून पहिल्यापासून १०.७ ग्रॅमवरच स्थिरावा.

६.५ क्रीडमूर आणि ६.५×५५ ही दोन्ही सुंदर काडतुसं आहेत, धक्का कमी, नेमाला गोड. पण ६.५ मध्ये तांब्याच्या गोळ्या बहुतेक ७.८ ते ८.५ ग्रॅमच्या असतात, म्हणजे स्वीडनच्या मूससाठी त्या नाहीतच. तिथले लोक ६.५×५५ मध्ये जुन्या काळापासून १०.१ ग्रॅमची जड गोळी का वापरतात ते यावरून कळेल. तुम्ही फक्त रो हरीण आणि फॅलो मारणार असता, डुक्कर क्वचित, तर मी ६.५ च सुचवली असती.

.३०-०६ मध्ये वाईट काही नाही. तिच्यात दारू जास्त, त्यामुळे नळी लांब हवी. सायलेन्सर लावून आखूड केलीत तर तिचा फायदा बराचसा नळीच्या तोंडाशी आग आणि आवाज होऊन जातो. सेकंडहँड चांगली मिळाली तर जरूर घ्या. ८×५७ आयएस जर्मन जंगलासाठी उत्तम, आखूड नळीतही खूश असते, पण बिनशिशाच्या काडतुसांची निवड .३०८ इतकी नाही. ९.३×६२ हाक्यातल्या मोठ्या डुकरासाठी फार चांगली. मात्र धक्का जाणवण्याइतका जास्त, काडतूस महाग, आणि धक्क्याला घाबरून डोळे मिटण्याची सवय पहिल्या वर्षी लागली की ती मोडायला बरीच वर्षं जातात. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा तर तुमच्या यादीतल्या एकाही कामाला उपयोग नाही. जंगलातला बहुतेक नेम शंभर मीटरच्या आतला असतो. तिथे मॅग्नम फक्त जास्त मांस नासवते.

तांब्याच्या गोळीबद्दल दोन गोष्टी. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त लागतो. .३०८ च्या रायफलींत ११ किंवा १० इंचांत एक फेरा असा पीळ असतो, १०.७ ग्रॅम त्यात नीट फिरते. ११.७ ग्रॅमची तांब्याची गोळी मात्र तुमच्या नळीत तपासल्याशिवाय पेटीभर घेऊ नका. दुसरं, ही गोळी उमलायला वेग लागतो, साधारण ६०० मीटर प्रतिसेकंद. आखूड .३०८ मधून २०० मीटरपर्यंत तुम्ही निर्धास्त आहात. त्यापलीकडे नवशिक्याने मारूच नये. ती शिशासारखी तुकडे होऊन पसरत नाही, जखम अरुंद होते. म्हणून नेम पुढच्या पायाच्या रेषेत, खांद्यावर ठेवा. फार मागे, फक्त फुप्फुसात लागली तर जनावर शंभर मीटर पळतं आणि रक्ताचा माग बारीक असतो.

नळी किती लांब? .३०८ ला ५१ सेंटीमीटर, आणि तोंडाला सायलेन्सरसाठी आटे पाडलेली. ५६ वरून ५१ वर आलात की साधारण १२ ते १६ मीटर प्रतिसेकंद वेग जातो. कुठल्याच जनावराला तो फरक कळत नाही, पण मचाणाच्या खिडकीतून रायफल बाहेर काढताना तुम्हाला कळतो, कारण पुढे सायलेन्सरचे आणखी पंधरा-सतरा सेंटीमीटर येणार आहेत. काही कंपन्या ४७ चीही नळी देतात, तीही चालेल.

सायलेन्सर चैनीत मोडतो असं समजू नका. २०२० च्या शस्त्रकायदा दुरुस्तीनंतर याग्डशाइन असलेल्याला तो शिकारीच्या रायफलीसाठी वेगळी गरज सिद्ध न करता घेता येतो. रायफलीप्रमाणेच दोन आठवड्यांत नोंद करावी लागते. तो आवाज साधारण २५ ते ३० डेसिबल खाली आणतो. तरीही कानावर काही घालाच, पण कुत्रा, शेजारचा मचाणवाला आणि तुमचे स्वतःचे कान यांना तो वाचवतो. धक्काही कमी होतो आणि नवशिक्याचा नेम यानेच सुधारतो. वजन ३०० ते ४०० ग्रॅमच्या दरम्यानचा घ्या. त्याहून जड असला की हाक्यात रायफल तोंडाकडे झुकते. आट्यांचं माप खरेदीआधी विचारा. जर्मनीत एम१५×१ सर्वाधिक चालतं, पण एम१४×१ आणि ५/८-२४ च्याही रायफली आहेत, आणि चुकीचा सायलेन्सर परत घ्यायला दुकानदार नाखूश असतो. आटे नसलेली नळी घेऊन नंतर पाडून घेऊ म्हणाल, तर ते परवानाधारक बंदूक कारागिराचं काम आहे, नळी पुन्हा शासकीय प्रूफ चाचणीला (नळी दाब सोसते का याच्या तपासणीला) पाठवावी लागू शकते, आणि यात आठवडे जातात.

सायलेन्सरमुळे होणारं नुकसान सगळ्यांना उशिरा कळतं. ओला सायलेन्सर नळीवर तसाच ठेवून रायफल तिजोरीत ठेवली की आत साठलेली वाफ नळीच्या तोंडाला आणि आट्यांना गंज चढवते. घरी आल्यावर काढा, उभा करून वाळू द्या, आट्यांना थेंबभर तेल लावा. पुन्हा लावताना हाताने घट्ट आहे ना ते प्रत्येक वेळी बघा, कारण सैल सायलेन्सरने गोळ्या कुठेही जातात. नेम ज्या स्थितीत बसवलात त्याच स्थितीत शिकार करा. सायलेन्सर काढला की गोळी पडण्याची जागा बदलते.

आता रायफली. टिक्का टी३एक्स फिनलंडच्या रीहीमाकीत साकोच्या कारखान्यात बनते. बोल्टची चाल या किमतीत सगळ्यात मऊ, बोल्ट ७० अंशांत उघडतो, चापाचा भार एक ते दोन किलोंत जुळवता येतो, आणि नळ्यांची अचूकता एकसारखी चांगली. उणी बाजू म्हणजे मॅगझिन प्लास्टिकचं, तीन काडतुसांचं, आणि जादा घ्यायला गेलात तर महाग. हाक्यात तीन कमी वाटतात, म्हणून एक जादा मॅगझिन रायफलीच्या हिशेबातच धरा.

मौझर एम१८ दक्षिण जर्मनीतल्या इस्नी गावची, २०१८ पासूनची. तीन दातांचा बोल्ट ६० अंशांत उघडतो, मॅगझिन पाचचं, चाप स्वच्छ. प्लास्टिकचा दस्ता हाताला पोकळ लागतो, काटकीवर आपटला तर वाजतोही, पण कामात काही उणं नाही. बर्गारा बी१४ स्पेनच्या बास्क प्रांतातली. नळीसाठी नावाजलेली, रेमिंग्टन ७०० च्या मापाची असल्याने माउंट, चाप, दस्ते यांची निवड अफाट. पण बोल्ट ९० अंश उचलावा लागतो, जाड आयपीस असलेल्या स्कोपखाली बोटं घासतात, आणि वजन थोडं जास्त. सावर १०० ही मौझरच्याच घरातली, तिचा विचार त्याच रांगेत करा. पोर्तुगालमध्ये बनणारी विंचेस्टर एक्सपीआर आणखी स्वस्त. बोल्टची चाल थोडी कोरडी, पण नेमाला तक्रार करावी असं काही नाही. प्लास्टिक दस्त्यातल्या या सगळ्या साधारण ८०० ते १,३०० युरोंच्या पट्ट्यात येतात. लाकडी दस्त्याला दोन-तीनशे वर मोजावे लागतात. लाकूड मला स्वतःला आवडतं, पण तुमच्या बजेटात ते पैसे काचेत घाला.

तुमच्यासाठी निवडायची झाली तर एम१८ किंवा टी३एक्स, यांतली जी खांद्याला बसेल ती. निर्णय खांद्याने करायचा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात रायफल खांद्याला लावून बघायची सवय कुणालाच नाही, आणि दुकानात पाच रायफली मागून लावून बघायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा; जर्मन दुकानदाराला याचं काही वाटत नाही. रायफल रिकामी आहे हे बोल्ट उघडून स्वतः बघा, मग डोळे मिटून खांद्याला लावा आणि गाल टेकल्यावर डोळे उघडा. स्कोपचं पूर्ण गोल चित्र मान न हलवता दिसलं पाहिजे. काळी कड दिसत असेल तर दस्ता लांब आहे, आखूड आहे किंवा गालाची जागा खाली आहे. ५६ मिलिमीटरची मोठी काच असली की स्कोप उंच बसतो आणि गाल हवेत राहतो. गालपट्टी उंच करता येणारा दस्ता तेव्हा कामी येतो. हे सगळं जाड जॅकेट घालून करा, कारण शिकार जानेवारीत आहे. उंची पाच फूट सहाच्या आसपास असेल तर दस्ता बहुधा एक-दीड सेंटीमीटर कमी करून घ्यावा लागेल. कारागीर ते सहज करतो.

दुकानातच आणखी एक गोष्ट तपासा. कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या फटीत घालून चेंबरपर्यंत (काडतूस बसतं तिथपर्यंत) सरकवा, अडली नाही पाहिजे. मग रायफलीचा पुढचा भाग टेबलाच्या कडेवर टेकवून मध्यम जोराने दाबा आणि पुन्हा पट्टी फिरवा. स्वस्त प्लास्टिक दस्ता इथे वाकून नळीला टेकतो. शूटिंग रेंजवर वाळूच्या पिशवीवरून अशी रायफल उत्तम मारते आणि मचाणाच्या आडव्या लाकडावर टेकवली की गोळी पाच-सात सेंटीमीटर सरकते, आणि माणूस महिनाभर स्कोपला दोष देत बसतो.

सेकंडहँडचा मार्ग मी टाळा म्हणणार नाही, उलट बजेटात सगळ्यात चांगली रायफल तिथेच मिळते. म्हातारे शिकारी थांबतात, वारसांना तिजोरी रिकामी करायची असते, आणि मौझर ९८ च्या बांधणीची, हुस्क्वार्ना, श्टायर मानलिशर किंवा झास्तावा एम७० अशी रायफल कधीकधी स्कोपसकट हजाराच्या आत मिळते. तपासायचं काय? नळीचं तोंड, भिंगाने. तिथे ठेच असेल तर नेम गेला. नळीत प्रकाश टाकून खड्डे. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे ना. प्रूफचे शिक्के. आणि बोल्ट व चेंबरमधलं अंतर कारागिराकडून गेजने मोजून घ्या, नळी कितीही चकचकीत दिसली तरी. जुन्या जर्मन रायफलींत श्टेखर असतो, म्हणजे पुढे ढकलून केसासारखा हलका करायचा चाप. रिकाम्या रायफलीत तो चढवा आणि दस्ता जमिनीवर हलकेच आपटा; सुटला तर दुरुस्तीशिवाय घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या ८×५७ वर नुसतं आय लिहिलंय की आयएस ते वाचा. पहिलीत गोळी सुमारे ८.०९ मिलिमीटरची, दुसरीत ८.२२ ची. जाड गोळी बारीक नळीत मारली तर दाब धोक्याच्या पातळीला जातो. खात्री नसेल तर नळी मोजून घेतल्याशिवाय एकही काडतूस आत घालू नका. जुन्या रायफलीत सायलेन्सरचे आटे नसतात, आणि जुन्या स्कोपमाउंटसाठी पाडलेली भोकं नव्या माउंटला जुळत नाहीत. हे दोन खर्च किमतीत मिळवा आणि मगच स्वस्त म्हणा.

स्कोपवर थोडं थांबू. जर्मनीत खुरांची जनावरं रात्री मारायला बंदी आहे, अपवाद रानडुकराचा. म्हणजे डुक्कर तुम्ही चांदण्यात मारणार, आणि रो हरीण उजेड जाता जाता. अंधारात काचेतून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या गोलाचा व्यास म्हणजे समोरच्या काचेचा व्यास भागिले मोठेपणाचा आकडा. ५६ ला ८ ने भागलं की ७ मिलिमीटर, आणि तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. चाळिशीनंतर ती कमी उघडते, त्यामुळे ५० ची काच पुरते आणि स्कोप हलका, खाली बसणारा होतो. हाक्याला उलट हवं: एक-दीडपट, दोन्ही डोळे उघडे, मोठा परिसर. दोन्ही कामं एकाच स्कोपने करायची तर २-१२×५० किंवा २.५-१०×५० या वर्गातला घ्या (आधीचे आकडे मोठेपणाचे, शेवटचा समोरच्या काचेच्या व्यासाचा). दुप्पट मोठेपणावर हाक्यात डुक्कर सापडतं. तीनवर जरा शोधावं लागतं. १-६×२४ घेतलात तर चांदण्यात आंधळे व्हाल, आणि ३-१२×५६ ने चाळीस मीटरवरून धावणारं डुक्कर हुकेल.

मध्यभागी पेटणारा ठिपका हवाच, आणि त्याची तीव्रता अंधारात खूप खाली आणता आली पाहिजे. स्वस्त स्कोपमध्ये सगळ्यात खालच्या पायरीवरही ठिपका डोळ्यात भरतो आणि जनावर त्यामागे नाहीसं होतं. दुकानात हे कळत नाही. संध्याकाळी दुकानाबाहेर, सावलीत बघा. चेकमधली मेओप्टा, बायरॉइटची श्टायनर, झाइसची कॉन्क्वेस्ट मालिका, लायकाची अँप्लस: या नावांत सातशे ते हजाराच्या आसपास नवा किंवा थोडा वापरलेला स्कोप मिळू शकतो. आणखी कमी पैसे असतील तर वीस वर्षं जुना, ठिपका नसलेला झाइस किंवा श्मिट उंड बेंडर आजच्या नव्या स्वस्त स्कोपपेक्षा अंधारात बरा. नेम फिरवायचे उंच मनोरे, वीसपट मोठेपणा, पॅरलॅक्सचं चाक यांचे पैसे देऊ नका.

माउंट दीडशे युरोंचा, स्थिर, स्टीलचा किंवा चांगल्या अॅल्युमिनियमचा. काढता-घालता येणारा घ्यायचा तर नाइट व्हिजन किंवा दुसऱ्या स्कोपसाठी. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही. नेम फिरण्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा सैल स्क्रू निघतो. बेसचे स्क्रू आणि भोकं आधी स्पिरिटने पुसून तेल काढा, मध्यम ताकदीचा निळा स्क्रूचिकट लावा, टॉर्कच्या पान्याने माउंटसोबतच्या कागदावरचा आकडा गाठा. रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण २ ते २.५ न्यूटन-मीटर, आलटून पालटून थोडं थोडं. जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते आणि मोठेपणाचं चाक जड फिरायला लागतं. डोळ्यापासून आयपीस नऊ सेंटीमीटरच्या आसपास राहू द्या, नाहीतर भुवई फुटेल. दस्ता धरून ठेवणारे खालचे दोन मोठे स्क्रूही तपासा. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

काडतूस निवडताना तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या १०.७ ग्रॅमच्या बिनशिशाच्या एकेक पेट्या घ्या. नळीत आधी शिशाची गोळी मारलेली असेल तर ब्रशने पूर्ण साफ करा, मिसळलेल्या थरावर तांबं बेभरवशाचं उडतं. बोल्ट काढून नळीतून ५० मीटरचं लक्ष्य मध्यावर आणा, स्कोप त्यावर जुळवा, दोन गोळ्या मारा, मग १०० मीटरवर जा. तीन-तीनचे गट मारा, मध्ये नळी हाताला कोमट होईपर्यंत थांबा, आणि एकेका गोळीवर क्लिक फिरवू नका, गटाच्या मध्यावर फिरवा. युरोपी स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे बहुधा १०० मीटरवर एक सेंटीमीटर. तीन गोळ्या चार सेंटीमीटरच्या आत आल्या की रायफल शिकारीला पुरेशी आहे. आणखी बारीक गटाच्या मागे लागून पेट्या संपवू नका. सर्वात चांगल्या गटाचं काडतूस ठरवा आणि त्याच लॉटच्या पाच-सहा पेट्या एकदम घेऊन ठेवा.

नेम १०० मीटरवर चार सेंटीमीटर वर बसवा. मग .३०८ ची गोळी १६५-१७० मीटरवर पुन्हा रेषेवर येते आणि २०० मीटरवर पाच-सहा सेंटीमीटर खाली असते. म्हणजे तुमच्या सगळ्या अंतरांत नेम मध्यावरच धरायचा, गणित करायचं नाही.

उरलेले पैसे धावत्या डुकराच्या लक्ष्यावर घाला, रेंजवर किंवा पडद्यावरच्या शूटिंगमध्ये. सरावाला स्वस्त पूर्ण जॅकेटची (धातूच्या सलग आवरणाची) गोळी चालते, रेंजचा नियम विचारून. बऱ्याच हाक्यांत वर्षभराच्या आतलं सरावाचं प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे हे तसंही लागणारच.

सुरक्षिततेचा एक मुद्दा निवडीशी जोडलेला आहे. मचाणावर चढताना-उतरताना आणि अडथळे ओलांडताना चेंबर रिकामा ठेवणं जर्मनीत बंधनकारक आहे. गाडीत तर रायफल पूर्ण रिकामी. म्हणून बोल्ट शांतपणे, अंधारात, हातमोज्यांनी चालवता येतो का, मॅगझिन चुकून गळून पडत नाही ना, आणि सेफ्टी आवाज न करता सरकते का, हे दुकानात हातमोजे घालून करून बघा. हाताने स्प्रिंग चढवायच्या रायफली या बाबतीत सरस आहेत, पण तुमच्या बजेटात नव्या बसत नाहीत.

तिजोरी युरोपी मानक ईएन ११४३-१ ची किमान शून्य श्रेणीची हवी, तिच्यात रायफल आणि काडतुसं एकत्र चालतात. अंकांचं कुलूप घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की तिजोरीची किल्लीही तितक्याच भक्कम जागी ठेवली पाहिजे, मग किल्लीसाठी दुसरी तिजोरी घेत बसण्यात अर्थ नाही.

उत्तर कशाने बदलेल तेही सांगतो. तुम्हाला आल्प्समध्ये गम्स (डोंगरातलं शेळीसारखं रानटी जनावर) मारायला नियमित बोलावणं असेल तर हलकी रायफल आणि लांब पल्ल्याचं ६.५ किंवा ७ मिलिमीटरचं काडतूस. शिकार जवळजवळ फक्त हाक्यांची असेल तर स्कोप १-६×२४ आणि कॅलिबर थोडं जड. डावखुरे असाल तर आधी तेच सांगा: यादी लगेच लहान होते, आणि टी३एक्सचं डाव्या हाताचं रूप शोधणं सगळ्यात सोपं जातं.